जोडलेल्या हातांतला फोन

ती. ताईस नमस्कार.

माझी तब्येत ठीक आहे. कारखान्यात काम भरपूर आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा आता कसा आहे? ती जिना चढते का?

बाबांचा अंत्यविधी तू मला फोनवर दाखवलास, म्हणून काका अजून तुला बोलतात असं तू लिहिलंस. चूक झाली का, असंही विचारलंस. मी तो प्रश्न एका मित्राचा म्हणून जेवणाच्या टेबलावर काढला.

आमचे फिटर मिस्त्री म्हणाले, "हा कसला तमाशा? पूर्वी तार यायची, माणूस असेल तिथे रडायचा. रीत होती ती."

स्टोअरवाल्या बाई म्हणाल्या, "पूर्वी माणसं साध्या तापानंही जायची, मिस्त्री. तीही रीत परत आणू या का?"

सगळे हसले. मग इतिहास, संस्कृती, यंत्रं असा वाद भोंगा वाजेपर्यंत चालला. निकाल काही लागला नाही. मी डबा धुवायला उठलो.

तुला मात्र सांगतो. शेवटी सगळ्यांनी हात जोडले तेव्हा तूही जोडलेस आणि फोन तुझ्या तळहातांमध्येच राहिला. मला पडद्यावर फक्त अंधार दिसला, आईचं हुंदके गिळणं ऐकू आलं. मी इथे गोदामात उभा होतो. मीही हात जोडले. माझाही फोन मध्येच होता.

तुझी चूक झाली नाही. काकांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की त्या मिनिटात मी काहीच पाहिलं नाही. तुमच्या रांगेत उभा होतो.

आईला जप.

तुझा धाकटा भाऊ