दुआ कुठल्या भाषेत?

करामा, शुक्रवार, मगरिबच्या नमाजनंतर

डोकं अजून तापलंय. भाईचा अमेरिकेहून व्हिडिओ कॉल. आधी दारावरचा अमेरिकन झेंडा दाखवला, मग लेक्चर. "देश एक, तर सरकारी भाषाही एकच हवी, इंग्लिश. मी घरातसुद्धा पोरांशी इंग्लिशच बोलतो." वर मला म्हणतो, "इथे मला राइट्स आहेत. तुझं काय? तिकडे आखातात व्हिसा संपला की खलास!"

खरं आहे, म्हणूनच जास्त लागलं. पण घरातसुद्धा? घरात कुठलं सरकार ऐकायला येतं?

अम्मी माझ्या शेजारी बसली होती. तिला इंग्लिश येत नाही. तिने एवढंच विचारलं, "दुआ कुठल्या भाषेत मागतोस रे?"

भाई हसला. "ती आपल्याच भाषेत येते, अम्मी."

"आणि तुझी पोरं?"

"इंग्लिशमध्ये. अल्लाला सगळ्या भाषा कळतात."

"त्याला कळतात रे. माझ्या कबरीवर येऊन मागतील, ते मला कळेल का?"

भाईने नेटवर्कचं निमित्त करून फोन ठेवला. घरातसुद्धा म्हणे! मी तणतणतच लेकीला हाक मारली, "नानीला पाणी आण गं."

आतून उत्तर आलं, "कमिंग, ममा."

अम्मीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.