टेबलावरचा ठेका

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार आणि आईचे आशीर्वाद. तिचे गुडघे बरे आहेत, माझं काम बरं चाललंय आणि घराला दिलेला नवा रंग तुला आवडणार नाही. खुशाली एवढ्यातच उरकते, कारण आज मला अजिबात धीर नाही. आमचा अल्बम पूर्ण झाला.

मागच्या पत्रात मी "थोडं गाणंबिणं चालू आहे" असं लिहिलं होतं. ते थोडं नव्हतं. दहा गाणी झालीत, सगळी रॅप, सगळी आमची, आणि बाज असा की बसलेला माणूस उठतो. हल्लीच्या रॅपमधला काळोख आणि गुरगुरणं यात नाही. तू रविवारी सकाळी जुन्या फंकच्या रेकॉर्डी लावायचास ना, ज्यात बास ऐटीत पुढे चालतो आणि ट्रम्पेट मागून टपल्या मारतं, तसलं. तू गेलास तेव्हा त्या रेकॉर्डी इथेच राहिल्या. आम्ही त्या झिजवल्यात, आधीच सांगून ठेवते.

रेकॉर्डिंग चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत केलं, जिथे मी दिवसभर काचा घासते. सुट्टीच्या दिवशी मालक किल्ली देतात. भिंतींना गाद्या उभ्या केल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबले. बासवर आपला प्लंबर आहे. हसू नकोस. तो बेसिन दुरुस्त करायला आला होता. आमची चाल ऐकून म्हणाला, "ताई, खालचा सूर फार सज्जन आहे. जरा खट्याळ पाहिजे." दुसऱ्या दिवशी पान्ह्यांच्या पिशवीबरोबर बास गिटार घेऊन हजर. टाळ्या आईच्या आहेत. तिला ठेका समजवायला गेले तर म्हणाली, "तुम्ही दोघं पाळण्यात होतात तेव्हापासून थोपटतेय. मला नको शिकवू."

शब्द मात्र निम्मे गाडीत जुळले. गाण्यातली माझी जोडीदार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. शिकणारा स्टिअरिंगवर, ती शेजारी, मी मागे. "क्लच दाब, गिअर टाक, आरसा बघ, घाबरू नको" हे ती अशा लयीत म्हणते की घाबरट माणसाचीही गाडी बंद पडत नाही. तेच आमचं पहिलं गाणं. गेल्या शनिवारी एका छोट्या हॉलमध्ये ते पहिल्यांदा लोकांसमोर म्हटलं. दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतल्या बायका उठल्या, मग मागचे उठले. एक आजोबा काठी खुर्चीला टेकवून नाचायला लागले. दादा, एवढा आनंद मला कधी झाल्याचं आठवत नाही. घरी आल्यावर जेवण गेलं नाही, नुसती बडबडत होते.

तिथेच एका कंपनीचा माणूस भेटला. अल्बम आम्ही काढतो म्हणाला, फक्त जोडीचं नाव बदला, फार घरगुती वाटतं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि नको म्हटलं. आता आमचा आम्हीच काढतोय, एक तारखेला.

नाव काय, असं तू विचारणारच. मघापासून मी तेच टाळतेय, पण ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं. जोडीचं नाव आहे 'नणंद-भावजय'.

हो, वहिनी. पत्रांत मी जिला "एक मैत्रीण" म्हणत आले, ती तीच. तुमचं मोडलं तेव्हा तू म्हणालास, "तिचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही." मी काढलं नाही. पण ती आईला दवाखान्यात नेत राहिली, रविवारी येत राहिली, आणि तुझ्या रेकॉर्डी लावल्याशिवाय आम्हा दोघींनाही करमेना. तिथूनच हे सुरू झालं. नाव मी सुचवलं तेव्हा ती म्हणाली, "कागदावर मी आता कुणाचीच भावजय नाही." मी म्हटलं, "कागदावर गायचंय कुणाला?" तिनं वहीच्या कोपऱ्यात ते नाव लिहून पाहिलं. मग म्हणाली, "पण नणंद आधी का? वयाने मी मोठी आहे."

आता खरं सांगायचं ते. शेवटचं गाणं तुझ्यावर आहे आणि ते तिनं लिहिलंय. मला धास्ती होती की त्यात तुझे वाभाडे असतील. तसं काही नाही. पान वाढून होईपर्यंत तू टेबलावर बोटांनी ठेका धरायचास. ती नवीन होती, घरात कुणाशी काय बोलावं कळायचं नाही, मग ओट्यापाशी उभी राहून त्या ठेक्यावर मनातल्या मनात शब्द बसवायची. गाणं एवढंच आहे. कोण चुकलं, कुणी काय म्हटलं, यातलं एक अक्षर नाही. आई ते ऐकून आत निघून गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, "पुन्हा लाव."

वहिनीची अट आहे. "त्याला विचार. नको म्हणाला तर काढून टाकू." मी खूप वाद घातला, अख्ख्या अल्बममध्ये त्याच्या तोडीचं दुसरं गाणं नाही. ती ऐकेना. "ठेका त्याचा आहे, त्यानंच ठरवायचं."

फोनवर तू मध्येच तोडतोस, म्हणून पत्र. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये गाणं आहे. आवाज मोठा ठेव. रागावलास तरी चालेल, पण ऐकून रागाव. एक तारखेच्या आत हो किंवा नाही कळव. नको म्हणालास तर गाणं जाईल, हा माझा शब्द. जोडीचं नाव मात्र जाणार नाही.

तुझी बहीण आणि तिची नणंद,
छोटी


गुरुवार, २० फेब्रुवारी

छोटे,

गाणं आठवडाभर तसंच ठेवलं होतं. काल गाडीत बसून ऐकलं, मग परत लावलं, मग कामावर उशिरा पोचलो.

ती ऐकत असायची हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, त्या घरात माझ्या वाजवण्याकडे कुणाचंच लक्ष नाही.

गाणं राहू दे. दुसऱ्या कडव्यात टाळी किंचित आधी पडते, आईला सांगू नकोस. प्लंबर उत्तम.

तुझ्या वहिनीला कळव, हो म्हणालोय.

दादा