दाराबाहेरची मावशी

१२ सप्टेंबर

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. कंबर मात्र वाटेतच कुठेतरी राहिली. रस्ते आखणाऱ्या माणसाशी लग्न केलं की रस्ता नसलेल्या ठिकाणीच संसार करावा लागतो, असं तू माझ्या लग्नात म्हणाली होतीस. ते आठवून गाडीत एकटीच हसत होते. दोन खोल्या मिळाल्या आहेत. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी नदीकडे, चुलीशेजारची भिंत काळी ठिक्कर. ढब्बू यायच्या आत ती रंगवून घेणार आहे. शाळेत रुजू झाले. कॅम्पातल्या कामगारांची मुलं, लहानमोठी सगळी एकाच खोलीत. तारीख चुकवली असती तर जागा गेली असती, म्हणून दीड वर्षाच्या पोराला तुझ्याकडे ठेवून पुढे आले. पण संध्याकाळ झाली की हात रिकामे रिकामे वाटतात.

वन्संची फार मदत होते. त्यांचा मालाचा ट्रक महिन्यातून दोनदा खाली जातो. पुढच्या खेपेला ढब्बूला त्याच घेऊन येतील. भाच्यासाठी त्यांनी स्वतः लाकडाचा ट्रक केला आहे, चाकं फिरणारा. तो पोस्टाने वेगळा पाठवते आहे.

आता एक विचारायचं आहे. ढब्बू न्यूमोनियाने दवाखान्यात होता तेव्हा त्याची गोवराची लस राहिली, ती राहिलीच. हे म्हणतात, इथली हवा स्वच्छ आहे, घाई नको, पुढच्या वर्षी खाली येऊ तेव्हा देऊ. इथे लस मिळत नाही. वीज अर्धा दिवस नसते, मग ती थंड ठेवणार कशात? दवाखानाही एक दिवसाच्या वाटेवर. मला काही सुचत नाही. तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार. तू सांगशील तसं करू.

ढब्बूला पापा. मला विसरू देऊ नकोस त्याला. लोभ आहेच, तो एवढा चढ चढून येण्याइतका असू दे.

तुझी
धाकटी


२४ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं, ट्रकही पोचला. सुबक आहे. मी तो कपाटावर ठेवून दिला. अशी चाकं निघतात आणि पोरं ती तोंडात घालतात. तुझे भावोजी म्हणाले, ही निघणारी नाहीत. पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

लशीचं ऐक. नवऱ्याला सांग, गोवर काही हवा बघून येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दवाखाना लांब असेल अशा जागी जाणाऱ्या पोराला तर आधी द्यायची. राहिलेली पहिली लगेच आणि दुसरी निदान चार आठवडे सोडून. दोन्ही झाल्याशिवाय पाठवूच नका, असं त्या म्हणाल्या नाहीत. ते मी म्हणते. तेव्हा वन्संची पुढची खेप ढब्बूशिवाय जाऊ दे. खोटं कशाला बोलू, महिना वाढून मिळाला म्हणून घरी येताना जिन्यात मी गाणं गुणगुणत होते.

पहिली सोमवारी देऊन आणली. आपली पद्धत तुला ठाऊकच आहे. तू धरायचंस, सुई टोचली की मी दारातून आत यायचं आणि त्याला उचलायचं. पोराचा राग टोचणाऱ्यापेक्षा धरणाऱ्यावर जास्त. या वेळी तू नाहीस, म्हणून भावोजींना खुर्चीत बसवलं आणि मी बाहेर उभी राहिले. ढब्बूने टाहो फोडला, मी आत गेले, तो गळ्याला असा बिलगला की सुटता सुटेना. भावोजींकडे दोन दिवस ढुंकून बघितलं नाही. बिचारे घोडा होऊन घरभर फिरले, तरी स्वारी पाठीवर बसेना.

हॉटेलच्या पडद्यांचं मोठं काम आलंय. मी मशीनवर असते आणि हा शेजारी चिंध्यांच्या पेटीत राजासारखा बसून. परवा मला आई म्हणाला. मी 'मावशी' म्हणून सुधारलं. दुसऱ्यांदाही सुधारलं. तिसऱ्यांदा नाही सुधारलं.

लोभ आहेच. त्यातला थोडा त्या ट्रकवालीला कमी दे.

तुझी
ताई


६ ऑक्टोबर

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

पहिली लस झाली हे वाचून बरं वाटलं. पुढचं वाचून नाही वाटलं. पत्र मिटून ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा तीच ओळ वाचली. दुसऱ्या दिवशी वर्गात एक पोरगा चुकून मला बाईऐवजी आई म्हणाला, तर मी त्याच्यावरच खेकसले. त्याला बिचाऱ्याला कळेना आपलं काय चुकलं.

इथे गोवर आलाय. खडी फोडणाऱ्या एका बाईच्या दोन मुलींना झाला. मोठी निभावली. धाकटीचा ताप डोक्यात जायची वेळ आली, तेव्हा वन्संनी तिला ट्रकमध्ये घालून दवाखाना गाठला. जीव वाचला, पण एका कानाने आता तिला ऐकू येत नाही. मी तिला पहिल्या बाकावर बसवते, चांगला कान माझ्याकडे करून. हे आता हवेबद्दल काही बोलत नाहीत. तेव्हा तुझंच बरोबर. दुसरी लस झाल्याशिवाय ढब्बूला आणायचं नाही, हे आमचं दोघांचं ठरलं.

फक्त एक लक्षात ठेव. नोव्हेंबरच्या मध्यानंतर वरचा रस्ता बर्फाने बंद होतो तो मार्चपर्यंत उघडत नाही. त्याआधीच्या शेवटच्या खेपेत तो यायलाच हवा, म्हणजे लस वेळेवर व्हायला हवी. भिंत रंगवून झाली. पिवळी.

लोभ असावा, आणि 'मावशी' हा शब्द त्याला शिकवत राहावं, ही विनंती.

तुझी
धाकटी


२९ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घाईत लिहिते. ठरल्या दिवशी लस झाली नाही. ढब्बूचं नाक वाहत होतं. आता भावोजी लिफ्टच्या कामाला परगावी गेलेत, मग धरणार कोण? कोणाही परक्याच्या मांडीवर पोर बसवायचं का? बघू, होईल.

एक सुचवू का? एवढा आटापिटा करायचाच कशाला? हिवाळा माझ्याकडे काढू दे. मार्चमध्ये रस्ता उघडला की निवांत घेऊन जा. इथे दवाखाना कोपऱ्यावर आहे. तिथे गोवर, बर्फ, आणि जायचं ते मालाच्या ट्रकमधून पोत्यांच्या सोबतीने! मी त्याचे गरम कपडे शिवायला घेतलेत, आत भरपूर कापड ठेवून, म्हणजे वाढला की उसवून मोठे करता येतील. तुझी वन्सं ट्रक चालवते, चालवू दे. ट्रक हाकणं वेगळं, पोर सांभाळणं वेगळं. त्याची आजारपणं काढली मी, आणि आता हसतंखेळतं पोर आयतं तिच्या हातात द्यायचं. म्हणशील, ताईला हेवा वाटतो. वाटतो तर वाटतो.

रागावू नकोस. लोभ असावा.

तुझी
ताई


४ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार आज शेवटी करते.

गोवरामुळे कॅम्पात डॉक्टर आले होते, त्यांना विचारलं. साध्या सर्दीत ही लस देता येते. तुझ्या डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं असेल, तू विचारलं असशील तर.

तुझी पद्धत मला कळत नव्हती असं वाटतं का तुला? मी धरायचं आणि तू दाराबाहेर. घर येईपर्यंत तो तुझ्या खांद्यावर आणि माझ्याकडे पाठ. दर वेळी माझा जळफळाट व्हायचा. तरी बोलले नाही. म्हटलं, रात्री माझ्याच कुशीत झोपणार आहे, एक दुपार ताईची असू दे. तुझ्या पदरी मूल नाही हे मी कधी तोंडातून काढलं नाही. आज लिहिलं, त्याबद्दल भेटलीस की माझा कान उपट. पण ताई, ती दुपार होती. आता तू अख्खा हिवाळा मागते आहेस. मार्चमध्ये तो मला ओळखेल का गं?

वन्संची ही शेवटची खेप. चौदा तारखेला त्या तुझ्या दारात येतील. धरायला कोणी नसेल तर त्यांना धरायला सांग. लस झाली की त्याला त्यांच्याबरोबर पाठव. नाही पाठवलास तर मी न्यायला येऊ शकणार नाही, रस्ताच नसेल.

नमस्कार. लोभाचं काय ते तूच ठरव.

धाकटी


१५ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि वर आणखी थोडे.

हे पत्र तुझ्या वन्संच्या खिशात आहे, म्हणजे ते तुला मिळेल तेव्हा ढब्बू तुझ्या कडेवर असेल. आधी त्याला डोळे भरून बघ. पत्र कुठे पळून जात नाही.

काल सकाळी वन्सं आल्या. तुझ्या लग्नानंतर मी त्यांना आताच नीट पाहिलं. आवाज केवढा मोठा! ढब्बू तर जाऊन माझ्यामागे लपला. मला इतका आनंद झाला की चहा ओततानाही हसू आवरेना. त्यांनी खाली नेऊन खराखुरा ट्रक दाखवला, हॉर्न वाजवला, तरी हा रडतच राहिला, जवळ जाईना. त्यांनी त्याच्यासाठी आपल्या शेजारी पट्ट्याची छोटी खुर्ची ठोकून घेतली आहे, उशा लावून. तिचा पट्टा मी दोनदा ओढून पाहिला, खोट काढायला जागा नव्हती. मला म्हणाल्या, असाच रडत राहिला तर घाटात माझे दोन्ही हात अडकलेले असतील, मी याला जवळ कशी घेऊ?

दवाखान्यात गेलो. भावोजी अजून परगावीच आहेत. सगळं कसं माझ्या मनासारखं जुळून आलं होतं. वन्सं धरणार, मी दाराबाहेर. तूही तसंच लिहिलं होतंस. त्या खुर्चीकडे निघाल्यासुद्धा. आणि मला दिसलं, आता हा त्यांच्यावर रुसणार, माझ्या गळ्यात पडणार, आणि तसाच ओरडत ट्रकमधल्या त्या खुर्चीत बांधला जाणार. मी वन्संना म्हटलं, तुम्ही बाहेर उभ्या राहा. सुई टोचली की लगेच आत या आणि हात पुढे करा. त्यांना काही उमगलं नाही, पण गेल्या.

मी धरलं. त्याचे पाय माझ्या मांड्यांत, हात काखेत, तू धरायचीस तसं. तो माझ्याकडे बघून हसत होता. सुई गेली. मग त्याने माझ्याकडे जसं पाहिलं ना, ते तू इतक्या वेळा कसं सोसलंस गं? वन्सं आत आल्या आणि हा माझ्या मांडीवरून सरळ त्यांच्याकडे झेपावला. त्यांच्या खांद्यावर मान टाकली. माझ्याकडे पाठ. मी जळून खाक झाले, हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तुला वाटायचं ताई साधू झाली.

रात्री तो त्यांच्याजवळच झोपला. आज सकाळी आपणहून खुर्चीत बसला. कपाटावरचा ट्रक काढून त्याच्या हातात दिला. चाकं घट्ट आहेत, भावोजी खरं बोलत होते. कपडे बोचक्यात आहेत. मार्चमध्ये मी येईन तेव्हा उसवून मोठे करीन, तोवर तू त्यांना हात लावायचा नाहीस. दंड दुखेल, एखादवेळी ताप येईल, घाबरू नकोस. मला हात हलवून टाटा केला नाही त्याने. अजून रुसलाय.

लोभ होता तेवढा सगळा ट्रकमध्ये चढवला आहे, उतरवून घे.

तुझी ताई,
म्हणजे ढब्बूची मावशी. हा शब्द मी त्याला पुन्हा शिकवलाच नाही. तू शिकव.