अक्काचा अंगठा रद्द होण्याबाबत

प्रति,
मा. संमती व तपासणी अधिकारी,
औद्योगिक विकास कार्यालय, तिसरा मजला.

विषय: थोरल्या बहिणीने कारखान्याच्या संमतीपत्रावर दिलेला अंगठा रद्द करून तिचे नाव बाधितांच्या यादीत घेण्याबाबत.

संदर्भ: 'संमती देणाऱ्यास बाधित धरता येत नाही' हे आपले पत्र.

महोदय,

कारखान्याच्या सुनावणीला आपण मंडपात आलात, तेव्हा सर्वांत पांढरा शर्ट माझ्या अंगावर होता. माझा धंदाच लाँड्रीचा. परंतु त्या शर्टावरून आपण मला समजूतदार ठरवलेत व पहिली सही माझी घेतलीत. माझा हात धरून म्हणालात, "काका, चिमणीतून नुसती वाफ निघेल, तुमच्या इस्त्रीतून निघते तशी." टायरला लागणारी काजळी बनवणाऱ्या कारखान्यातून वाफ निघेल, हे मला पटले. माझ्यामागे गल्लीतल्या साठ जणांनी सह्या केल्या. लाँड्रीवाल्याने केली म्हणजे कागद स्वच्छच असणार, असे त्यांचे म्हणणे पडले. शेवटी अक्काने अंगठा दिला.

वाफ निघाली. काळी निघाली.

तेव्हापासून दोरीवरची चादर वाळेपर्यंत पुन्हा धुवायला येते. म्हणून आता आम्ही कपडे घरातच वाळत घालतो. त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक जण वाकूनच येतो. मान वाढला, गिऱ्हाईक आटले. जे उरले ते मला "काय पहिली सही, झाले का कपडे?" अशी हाक मारतात. त्यांचे चुकत नाही.

अक्का माझ्याबरोबर बत्तीस वर्षे इस्त्री करते. तिला खोकला जडला. डॉक्टरांनी छाती तपासून विचारले, "आजी, किती वर्षे ओढताय?" अक्काने सिगारेट पाहिली ती गिऱ्हाइकांच्या खिशात, तीही धुण्याआधी काढून परत देण्यापुरती. हल्ली तिला आडवे होता येत नाही, बसूनच डुलकी काढते.

कारखान्याच्या दवाखान्यात उपचार होतात, पण फक्त बाधितांच्या यादीतल्यांवर. सबब मी अर्ज केला. आपले निरीक्षक आगाऊ कळवून, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी आले आणि हवा समाधानकारक असल्याचे लिहून गेले. आमच्या भिंतीला टेकल्याने त्यांच्या पाठीवर उठलेला काळा डाग त्यांनी माझ्याकडूनच काढून घेतला. अहवालात त्याचा उल्लेख नाही.

त्यानंतर आपले संदर्भीय पत्र आले. म्हणजे अक्का खोकते, पण कार्यालयाच्या लेखी खोकत नाही. मी ते तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग सांग त्यांना, माझा अंगठा द्या परत." मी खिडकीवर आलो. आपले कारकून म्हणाले, "काका, सही म्हणजे काय दुधाची पिशवी आहे, नासली म्हणून बदलून द्यायला?"

महोदय, आपण माझा हात धरला होता, म्हणून हे लिहितो आहे. सगळी नावे खोडणे जमत नसेल, तर माझी सही राहू द्यावी. मला वाचता येत होते आणि मी वाचले नाही. अक्काला वाचता येत नाही. तिने कागदाकडे न पाहता माझ्याकडे पाहून अंगठा दिला. तेवढा एक रद्द व्हावा.

आपला नम्र,
पहिली सही करणारा लाँड्रीवाला
दि. ९ मार्च

सोबत:
१) आपले पत्र.
२) पांढरी चादर, एक. सकाळी बाहेर वाळत घालून दुपारी काढलेली. कृपया झटकू नये.
३) अक्काच्या अंगठ्याचा ठसा. या वेळी मजकूर तीनदा वाचून दाखवून घेतला आहे.