एकविसावी संकष्टी, मुक्काम स्वालबार्ड

एडिनबरा, २२ जून २००६

ती. सौ. वहिनींना सुलक्षणाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा उजवा गुडघा आणि दादांचा स्वभाव, दोन्ही आहेत तसेच असतील असं धरून चालते. (गुडघ्याला निदान औषध आहे.) मी ठणठणीत आहे. फक्त अडीच किलोंनी उतरले आहे आणि ते कसं, हे सांगायलाच हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण प्रणवच्या फ्लॅटच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत आणि पलीकडे सूनबाई आसावरी बसलेली असते.

माझा नवस तुम्हाला ठाऊक आहे. खरं तर फक्त तुम्हालाच. एकवीस संकष्ट्या नुसत्या चहा-दुधावर करायच्या, चंद्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घास घ्यायचा नाही, आणि मागणं एकच, की प्रणवने इथला गाशा गुंडाळून घरी परत यावं. हे गेल्यापासून मी सांगलीत रोज दोन पोळ्या करते आणि एक उरते, हेही दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. इकडे मुलांची मात्र समजूत अशी, की आई आपल्या शिक्क्यासाठी उपास करते. (इथे कायमचं राहायचा शिक्का. चार वर्षं काढली की मिळायचा. एप्रिलमध्ये सरकारने चाराची पाच केली, पोरांची चार भरायला तीन महिने उरले असताना. आसावरी त्या दिवशी बाथरूममध्ये नळ सोडून रडली. मी मात्र, खोटं कशाला बोलू, गणपतीला मनातल्या मनात शाबास म्हटलं.) ही समजूत मी खोडून काढली नाही. मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आता ही एकविसावी, शेवटची संकष्टी. आणि नेमकं त्याच आठवड्यात आसावरीला कामासाठी स्वालबार्डला, नॉर्वेच्या पार उत्तरेकडच्या बेटांवर, जायचं निघालं. आपली सून दगडांची डॉक्टर, तिला तिथल्या कोळशाच्या थरांवर भाषण द्यायचं होतं. प्रणव म्हणाला, आई, तू इथेच राहा, तिकडे फार थंडी. मी तीस वर्षं आठवी ब च्या भिंतीवरच्या नकाशात ज्या ठिपक्यावर छडी टेकवून ‘मध्यरात्रीचा सूर्य’ शिकवला, तिथे माझी सून जाणार आणि मी एडिनबऱ्यात भांडी घासत बसणार? दोन स्वेटर चढवले आणि निघाले.

वहिनी, गाव मात्र ऐकण्यासारखं आहे. उत्तर ध्रुव तिथून जेमतेम तेराशे किलोमीटर. झाड म्हणून एक नाही. मांजर पाळायला बंदी (पक्ष्यांसाठी), पण रस्त्यातून रेनडियर आपल्याकडच्या गाईंसारखे फिरतात. गावाबाहेर जायचं तर अस्वलांपायी बरोबर बंदूक लागते, आणि दुकानाच्या दारावर पाटी असते की कृपया बंदुका आत आणू नयेत. पूर्वी सगळे खाणकामगार, पायांना कोळसा, म्हणून दारात बूट काढायची पद्धत पडली ती अजून आहे, हॉटेलातसुद्धा! सांगली सोडल्यापासून पहिल्यांदाच मला सुसंस्कृत माणसं भेटली. पोट चालतं ते कोळसा, पर्यटक आणि आसावरीसारखे अभ्यासू लोक यांच्यावर. गरोदर बाईला दिवस भरत आले की पिशवीभर सामान देऊन नॉर्वेच्या मुख्य भूमीवर धाडतात, आणि म्हाताऱ्यांनाही तिथे मुक्काम हलवावा लागतो, कारण सांभाळणारं कुणी नाही. थोडक्यात, काम करा तोवर राहा. कुणाचंच ते मूळ गाव नाही. दुकानातली बाई थायलंडची, न्याहारी वाढणारा पोलंडचा, आणि तिथे राहायला व्हिसा कुणालाच लागत नाही. प्रणवने हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

बुधवारी संकष्टी. सकाळी चहा घेतला आणि प्रणवला म्हटलं, चंद्रोदय काढून दे. एरवी तो लगेच कॉम्प्युटरवरून काढून देतो, त्या दिवशी नुसती टंगळमंगळ. शेवटी कागद हिसकावून घेतला तर चंद्रोदयाच्या रकान्यात आडव्या रेघा! बुधवारी रेघ, गुरुवारी रेघ, शुक्रवारी रेघ.

“अगं आई, इथे समरमध्ये सन सेट होत नाही ना, तसा फुल मूननंतर काही दिवस मून राइजच होत नाही. सॅटर्डेला पहाटे येईल जरासा.”

वहिनी, मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. (तीही तिथे गोठलेली, घेतलं नसतं.) तीस वर्षं मी सूर्याबद्दल शिकवलं, पण त्याच न्यायाने चंद्रही दडी मारत असेल हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही, आणि एकाही पोराने विचारलं नाही. प्रणव म्हणाला, सांगलीत रात्री साडेनऊला उगवेलच ना, मामीला फोन करून खात्री करू आणि जेव. इथे मात्र माझी सटकली. अहो, स्थानिक वेळ म्हणजे काय, हे मी हजारभर मुलांना घोकायला लावलं. मी उभी पंधरा अंश पूर्व रेखांशावर, आणि जेवायच्या लोभाने पंचाहत्तरवरचा चंद्र उसना आणू? मी जिथे आहे तिथला चंद्र दिसेल तेव्हाच जेवेन, असं ठणकावून सांगितलं आणि दूध मागवलं.

गुरुवार निभावला. शुक्रवारी दुपारी जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली (त्या गावात तेवढाच अंधार). प्रणव चिडला, आणि चिडून जे बोलला ते मी अजून विसरू शकत नाही.

“तू हट्टी आहेस ते माहितीये गं. पण आसावरीपण बुधवारपासून जेवली नाहीये. लंच युनिव्हर्सिटीत घेते म्हणून थापा मारते. म्हणते, आई आपल्या स्टॅम्पसाठी उपाशी आहेत, मी कशी खाऊ?”

मी पलंगावर बसले. ही मुलगी, जिला मी चार वर्षं ‘नागपूरची’ म्हणून नाक मुरडलं, जी सकाळी दोन अंडी खाल्ल्याशिवाय बोलत नाही, ती तीन दिवस दगडांवर भाषणं देत होती, रिकाम्या पोटी, आणि माझ्या बाजूने. मला फार लाज वाटली. सांगून टाकावं असं दोनदा ओठांवर आलं. नाही सांगितलं.

शनिवारी पहाटे सगळीकडे लख्ख ऊन. गावाभोवती डोंगर, त्यामुळे चंद्र वर आला तरी दिसणार नाही, म्हणून आसावरीची इंग्रिड नावाची मैत्रीण आम्हाला जीपने खाणीच्या रस्त्याने डोंगरावर घेऊन गेली. खांद्याला रायफल. तुमच्या-माझ्या घराण्यात संकष्टीचा चंद्र सशस्त्र पहाऱ्यात पाहणारी मीच पहिली. अर्धा तास आम्ही दातावर दात वाजवत उभ्या, आणि मग आसावरी ओरडली, “आई, तिकडे बघा, तो!” बर्फाच्या कडेवर, धुतलेल्या कापडाच्या चिंधीएवढा फिका. मी थर्मासातल्या कोमट पाण्याचं अर्घ्य दिलं, गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. इंग्रिडने विचारलं, हे कशासाठी? आसावरीने तिला इंग्रजीत शिक्क्याचं सगळं सांगितलं, आणि माझा हात धरला. मी तिला पहिला घास भरवला.

असो. एकवीस पुऱ्या झाल्या, रीतसर, स्थानिक वेळेनुसार. नवस तो नवस, माझा निश्चय काडीमात्र ढळलेला नाही. तेव्हा येत्या संकष्टीला आपल्या गणपतीला माझ्या नावाने एकवीस मोदक चढवावेत आणि नवस फेडल्याचं त्याच्या कानावर घालावं. दादांना नमस्कार.

तुमची,
सुलक्षणा

ता. क. मेतकूट कुणी येणार असेल तर पाठवा. आसावरीला आवडतं, हे मला आत्ता कळलं.

ता. क. २. वहिनी, मोदक चढवाल तेव्हा गणपतीला म्हणावं, सुलक्षणाने मागितलं होतं ते राहू दे. उपास दोघींनी केला, पण खोटं न बोलता केला तो आसावरीने. तिचं मागणं पुरं कर. पोरांना शिक्का मिळू दे.

ता. क. ३. पुढच्या संकष्टीची वाट बघू नका, पत्र हातात पडेल त्याच दिवशी जा. मध्येच माझा फोन आला आणि मी थांबा म्हणाले, रडले, काहीही म्हणाले, तरी माझं ऐकू नका.