अनवाणी मशागत

सोमवार, ३

पोचलो एकदाचे! आत्या, मी आणि ठेंगू. ठेंगू म्हणजे आत्याचा छोटा ट्रॅक्टर. पुढे माती उचलायची बकेट, मागे माती भुसभुशीत करायचा रोटाव्हेटर, उंची जेमतेम माझ्या खांद्याएवढी. आत्या म्हणते, जगात तिचं ऐकणारा हा एकटाच, तोही डिझेल पाजलं तर. मी नोकरी शोधून थकले तेव्हा तिने पप्पांना सांगितलं, पोरगी दे माझ्याकडे, डिग्री आहेच, आता क्लच दाबायला शिकेल. आई गेल्यापासून मला तिनेच वाढवलंय, त्यामुळे पप्पा काय बोलणार? कप्पाळ!

काम मोठं पण सरळ आहे. घरामागे फुटबॉल खेळता येईल एवढं लॉन आहे. ते मोडायचं, माती भुसभुशीत करायची आणि घराकडची जास्तीची माती उचलून कुंपणाजवळच्या खोलगट भागात टाकायची. मालकीणबाईंना तिथे भाज्या लावायच्यात. बाई एकट्याच राहतात, सत्तरीच्या आहेत, बोलायला गोड. लॉनच्या मधोमध एक उभट उंचवटा आहे, गवताने गच्च झाकलेला. त्याला ट्रॅक्टर लावू नका, बाकी सगळं मोडा, म्हणाल्या.

गंमत म्हणजे बाई स्वयंपाकघरातसुद्धा गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून फिरतात. आम्हालाही बजावलं, इथे असेपर्यंत पायातलं काढायचं नाही, घरातही नाही. लादी पुसायचा कंटाळा, आत्या माझ्या कानात पुटपुटली. मला हसू आवरेना.

गॅरेजवरची खोली झकास आहे. खिडकीतून सगळं लॉन दिसतं.

मंगळवार, ४

आज गवत सोलायला घेतलं. बकेटची धार तिरपी घालायची आणि ठेंगूला हळूच पुढे न्यायचं. गवताचा थर पांघरुणासारखा उचलून येतो. तो उलटा टाकायचा, गवत खाली, मुळं वर, म्हणजे उन्हात मरतो. मी तीनदा इंजिन बंद पाडलं. आत्या म्हणाली, गाडी चालवतेयस की समजूत काढतेयस तिची?

माती काळी, मऊ, लोण्यासारखी. पण एक गोष्ट खटकली. एवढ्या मातीत एकही गांडूळ नाही, मुंगी नाही, खडा नाही.

दुपारी रोटाव्हेटर फिरवून झाल्यावर आत्याने नेहमीचं केलं. बूट काढले, मोजे काढले आणि मोडलेल्या जमिनीवर जाऊन टाच दाबली. टाच घोट्यापर्यंत गेली तर मशागत झाली, नाहीतर पुन्हा फेरी. मशीन खोली सांगतं, माती फुटली की नाही ते टाचच सांगते, असं तिचं म्हणणं. लोक हसतात, पण तिचं काम परत करावं लागत नाही. मी बूट काढायला गेले तर म्हणाली, तुझी टाच अजून कॉलेजातली आहे, राहू दे.

बाई खिडकीत उभ्या होत्या. आत्याचे पाय दिसले तसं त्यांनी तोंडावर हात धरला. मग पडदा ओढून घेतला.

बुधवार, ५

उलटे टाकलेले थर सगळे सुलटे झालेत. गवत वर. आणि एकमेकांना चिकटलेत, मध्ये फट नाही. काल नांगरलेली जमीन अर्धी बुजली.

आत्या म्हणाली, चिवट जात आहे, मेलं तरी मरत नाही, आमच्या नणंदेसारखं. पुन्हा सोललं, पुन्हा मोडलं. पुन्हा तिची टाच.

संध्याकाळी ती टाच खाजवत बसली होती. भेगांमधून पांढरे धागे आले होते, मेथीला मोड येतात तसे. चिमट्याने एक ओढला. बराच लांब निघाला. टोकाला रक्त होतं. ती म्हणाली, धूळ असेल, मीठपाण्यात पाय ठेवते.

मोड मातीतून येतात. धुळीतून नाही.

गुरुवार, ६

डॉक्टरकडे चल म्हटलं. ऐकत नाही. बूट घालत नाही. पाय गार वाटतो म्हणे, बरं वाटतं म्हणे. ठेंगू मी चालवतेय आणि ती नुसती उभी राहते, नांगरलेल्या जागेत, उन्हात. डोळे मिटून. जेवायला हाक मारली तर उशिरा ओ देते.

बाई उंचवट्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. झारीने पाणी घालत होत्या आणि बोलत होत्या. भाजी महागली वगैरे. घरातल्या माणसाशी बोलावं तसं.

पाणी पडलं तसा उंचवटा हलला. वाऱ्याने नाही. वारा नव्हताच.

शुक्रवार, ७

आत्याचे पाय निघत नाहीयेत.

सकाळी उठले तर ती अंथरुणात नव्हती. लॉनमध्ये उभी होती, नडगीपर्यंत मातीत. मी काखेत हात घालून ओढलं तेव्हा ती अशी ओरडली की मी सोडून दिलं. हाताने माती उकरली. घोट्याखाली पाऊल नाही. म्हणजे आहे, पण बोटं कुठे संपतात आणि मुळं कुठे सुरू होतात ते—

बाई आल्या. रडत होत्या. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. तो उंचवटा म्हणजे त्यांचे मिस्टर. गवतावर अनवाणी चालायचे रोज. त्यांच्या मुलाने फावड्याने मुळं तोडायला घेतली तर रक्त थांबेना, म्हणून सोडून दिलं. वरून गवत चढत गेलं. ते अजून आहेत आत. बाईंना वाटलं, आजूबाजूचं सगळं लॉन मोडलं तर ते सुटतील. खरं सांगितलं असतं तर कोण आलं असतं कामाला?

मी त्यांना वाट्टेल ते बोलले. आत्या म्हणाली, पुरे, त्यांनी बूट काढू नका सांगितलं होतं, गाढवपणा माझा.

पप्पांना फोन केला. निघालेत. रुग्णवाहिकेलाही केला. लांब आहे, वाट बघा म्हणाले.

गवत तिच्या गुडघ्याला लागलंय. वाट कशी बघू?

शुक्रवारच, दुपार

तोडायचं नाही. उचलायचं. झाड हलवतात तसं, मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट. कल्पना माझी, पण डोकं तिचंच. उभ्या उभ्या मला सांगत होती, चाक वळव, बकेट झुकव, अजून लांबून घे, घाबरू नकोस, मी काय पालेभाजी नाहीये. चारी बाजूंनी खणलं. मग बकेट खाली घातली आणि उचलली.

आली! माती, मुळं, आत्या, सगळं बकेटमध्ये. थोडी मुळं तुटली. तिने ओठ चावले, ओरडली नाही.

आमची ट्रॉली गॅरेजपाशी होती, आत्याला मातीसकट तिच्यात ठेवायला तिकडे वळवलं. दोन हात गेलो असू.

चाकं फिरेनात. गवत टायरवर चढलंय, दोऱ्या गुंडाळाव्या तसं. मी रेस दिली, पुढे, मागे, पुढे—डिझेल संपलं. इंजिन बंद.

इंजिन बंद असताना बकेट वर ठेवायची नसते. तेलाचा दाब ओसरतो आणि ती आपोआप खाली येते, मुंगीच्या पावलाने. कुठलाही ट्रॅक्टरवाला सांगेल.

नंतर

बाईंनी लाकडाचा ओंडका आणला. बकेटखाली लावला. जमिनीने आत ओढून घेतला. दुसरा आणायला गेल्यात.

मी सीटवर आहे. आत्या म्हणाली, खाली उतरायचं नाही, तुला माझी आण. वही काढ आणि लिहीत बस म्हणजे नजर इकडे येणार नाही. लिहितेय. नजर जातेच.

बकेट आणि जमीन यांच्यात हातभर अंतर आहे.

खालचं गवत उभं राहिलंय. सगळं. टोकं वर करून. बकेटमधून लोंबणारी मुळं खाली वळतायत—

पप्पा फोन उचलत नाहीत.

एक वीत.

आत्या विचारतेय, लिहितेयस ना? हो म्हटलं. काय लिहिलंस म्हणाली. मी म्हटलं, तू मला शिव्या देतेस ते. हसली.

गाडीचा आवाज येतोय. लांब. इकडेच का—

चार बोटं.

बाई परत आल्या नाहीत. उंचवट्यावरचं गवत फाटलंय, आतून—नाही, तिकडे बघत नाही—

गाडी आलीच. फाटकाशी. कुणीतरी हाका मारतंय. मी ओरडले. बूट काढू नका, असं ओरडले आधी. मग वाचवा—

दोन

आत्या म्हणतेय, "माझ्याकडे बघ गं, खाली बघू नकोस." बघतेय. बॉनेटवरून वाकून तिचा हात धरलाय, गार, मातीसारखा—

टेकली. बकेट टेकली. मुळं जमिनीत शिरली.

आत्या हसतेय. दुखत असतं तर हसली नसती. म्हणजे दुखत नाहीये तिला. म्हणजे