रुपचंद यांचा मुलगा

पुणे,
ता. २ ऑगस्ट १९९९

ती. मगनभाऊ,

झुलालचा पाया पडून नमस्कार. मी इकडे बरा आहे, असं आधी लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पाकिटाला दोन वेळा डिंक लावलाय. उघडलेलं दिसलं तर पोस्टात कोणी उघडलं असेल, नाहीतर घरात. मागच्या पत्राचं उत्तर कमलवहिनींच्या अक्षरात आलं, खाली सही तुमची. तुम्ही सांगितलं आणि त्यांनी लिहिलं, की तुम्हाला माहीतच नाही, ते मला अजून उमगलेलं नाही. म्हणून हे एकट्याने वाचा.

मी आता दुकानांच्या पाट्या रंगवत नाही. रतिलालभाईंच्या कॉम्प्युटर ऑफिसात बसतो. ते इंटरनेटवर प्रदर्शन मांडतात. म्हणजे वस्तू कपाटात ठेवायच्या ऐवजी तिचा फोटो कॉम्प्युटरवर ठेवायचा, मग अमेरिकेतला माणूसही पाहतो. आपली मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेली की त्यांचा भुगा होतो. म्हणून मथळे मी ब्रशने कागदावर काढतो, मशीन त्याचं चित्र घेतं आणि ते पानावर बसवतात. डाव्या बाजूला मेनू असतो. हॉटेलच्या फळ्यावर काय काय मिळतं ते लिहितात ना, तसा. वस्तू, गावं, सण, देणारे. ज्या नावावर टिचकी मारली ते पान उघडतं. ती नावंही मीच काढली. रतिलालभाई म्हणतात, "झुलाल, बारीक काढ रे, एवढं थोराड चित्र फोनच्या तारेतून यायचं कधी?" पाचवी नापास म्हणून हसतात, पण अक्षर माझंच घेतात. तयार अक्षरं मिळाली की मला काढतील, तेही दिसतंय.

प्रदर्शन कोणाचं, ते आता लिहितो. तीन वर्षांपूर्वी जे फोटोवाले सर शिरपूरला लॉजवर राहून गावोगाव जुन्या वस्तू गोळा करायचे, ज्यांची थैली घेऊन मी मागे फिरायचो, त्यांचंच. ते इथे आले तेव्हा मी मान खाली घातली. त्यांनी ओळखलं नाही, किंवा तसं दाखवलं.

'सण' या पानाचा मथळा काढायला मला फोटो दिले. सातवा फोटो आपल्या कानबाईचा आहे. श्रावणात देवी म्हणून बसवतो तोच जुना नारळ, चांदीचे डोळे, नथ. दुसऱ्या कोणाच्या घरचा असेल म्हणून मी किती वेळ पाहत राहिलो. पण डावा डोळा जरा खाली बसलाय. तो लहानपणी मीच पाडला होता आणि आबांनी लाखेने चिकटवला होता.

नारळ पेटीतून गेला तो दिवस तुम्ही विसरला नसाल. शेजारची झुंबरबाई ओट्यावरून ओरडली, "झुलालच फिरे ना त्याना मांगे, थैली लिसन!" सरांना घरी मी आणलं का, असं मायने विचारलं, "तू लयना का त्याले घर?" मी म्हणालो, "माय, तुनी आन, मी नही लयना." तुम्ही दारात उभे होतात. एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, भाऊ माझ्या बाजूचा आहे म्हणून गप्प आहे.

मग त्या श्रावणात नवा नारळ बसवायचं ठरलं. कानबाईच्या प्रसादाच्या रोटांचे गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ सुपात पडली. तुमची, तुमच्या पुनाची, सुरतेला असलेल्या वनाकाकांचीसुद्धा. माझ्या नावाला माय थांबली. सूप उचललं आणि जात्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसलो.

तर, सर प्रत्येक देणाऱ्याकडून त्याच्याच हातची चिठ्ठी लिहून घेत. 'देणारे' पानासाठी नारळाची चिठ्ठी मशीनखाली ठेवली, पडद्यावर हातभर मोठी झाली. 'हा नारळ राजीखुशीने दिला. रुपचंद यांचा मुलगा.' पुढे नाव नाही. रतिलालभाई म्हणाले, "अरे, तुझ्याच बापाचं नाव ना? तूच दिलास की काय!" सगळे हसले. मीही हसलो.

भाऊ, मला पुस्तक वाचता येत नसेल, अक्षर येतं. शिरोरेघ सगळं जग डावीकडून ओढतं. ही उजवीकडून ओढलीय. शाई उजव्या टोकाला जाड आणि डावीकडे विरत गेलेली. या सवयीसाठी आबा कोणाच्या बोटांवर पट्टी मारायचे? "उलटा नांगर धरस का रे?" कोणाला म्हणायचे?

त्याच महिन्यात तुम्ही शाळेत शिपाई म्हणून लागलात. सरांची तिथे ओळख होती. असेल, नसेल. संशय घ्यायला मला आपल्या घरानेच शिकवलं. पण नाव का नाही लिहिलं, एवढं सांगा. आबांना मुलगे दोन. गाव कोणाचं नाव घेईल, ते तुम्हाला ठाऊक होतं.

आता माझं. हे लिहिताना तीन कागद फाडले. सरांना घरी मीच आणलं होतं. तुम्ही सगळे शेतात होतात. पेटी उघडून मीच नारळ दाखवला, माझंही घर काही कमी नाही हे दिसावं म्हणून. ते मागायला लागले तेव्हा घाबरलो, म्हणालो, "भाऊला विचारा." आणि पेटी लावली. दिला नाही, पण आणलं मी. मायची आन खोटी घेतली. झुंबरबाईने त्यांना ओसरीत पाहिलं होतं, म्हणजे मायलाही कळलं असणार. तिने मूठ थांबवली ती नारळासाठी नसेल. आनेसाठी असेल.

प्रदर्शन एक सप्टेंबरला उघडणार. सर म्हणतात, चिठ्ठी आहे तशीच ठेवा. मग शिरपूरच्या कॉलेजात कोणीतरी ते पान उघडेल आणि गावाला पुन्हा झुलालच सापडेल. त्या चिठ्ठीखाली लावायला तुमचं नाव मी ब्रशने काढून ठेवलंय. मगन रुपचंद. चांगलं आलंय. अजून मशीनखाली ठेवलेलं नाही. 'देणारे'वर टिचकी मारली तर सध्या काहीच उघडत नाही, आणि ते पान जोडणं महिनाभर माझ्या हातात आहे.

त्याआधी, २२ तारखेच्या रविवारी, आपली कानबाई बसेल. गहू घेताना भाऊबंद जमतील. तेव्हा सगळ्यांसमोर मायला सांगा, नारळ कोणी दिला. माझी आन खोटी होती, तेही सांगा. एकच सांगू नका, दोन्ही सांगा. आणि माझ्या नावाला माय थांबते का, ते पाहून मला कळवा. स्वतःच्या हाताने लिहा. शिरोरेघेवरून मी ओळखेन.

मायला माझा नमस्कार सांगायचा की नाही, ते त्या मुठीनंतर ठरवा.

रुपचंद यांचा दुसरा मुलगा,
झुलाल